वकीलसाहेब कामात अडकले आहेत

जेवण झाल्यावर वकीलसाहेबांना जरा टेकावंसं वाटलं आणि तिथेच सगळं बिघडलं. त्यांच्या ऑफिसात खुर्च्यांची वानवा नव्हती. पण टेकायला त्यांनी नेमकी ती खुर्ची निवडली, जी सकाळी एक फर्निचरवाला चादरीत गुंडाळून, चोरीचा माल असावा तशी जिन्याने वर घेऊन आला होता. एका बोटाने दाबली की ती पुस्तकासारखी मिटायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. सगळी करामत बिजागरीच्या आत दडवलेल्या खिट्टीत होती, आणि त्या खिट्टीपायी फर्निचरवाल्याने दोन वर्षं बाकीचा धंदा वाऱ्यावर सोडला होता.

लोकांच्या कल्पना लोकांपासून सांभाळणं हाच साहेबांचा व्यवसाय. त्यांनी फर्निचरवाल्याला आपलं ठरलेलं व्याख्यान ऐकवलं. पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत खुर्ची बाहेरच्या कुणाच्याही नजरेस पडता कामा नये. पडली की ती नवी राहिली नाही, आणि नवी नाही म्हणजे पेटंट नाही. कुणाला दाखवणं भागच असेल तर आधी गुप्ततेच्या करारावर सही, मग चादर दूर. बायकोला दाखवली तर चालेल का, असं त्याने भीत भीत विचारलं. बायकोची सही तर सगळ्यात आधी घ्यायची, असं साहेबांनी त्याला बजावलं होतं.

तर साहेब बसले. खुर्चीने 'खट्' असा आवाज केला, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि साहेबांसकट मिटली. त्यांचे गुडघे हनुवटीला भिडले, आणि गेली काही वर्षं त्यांच्याआधी दारातून आत शिरणारं पोट खिट्टीवर गच्च बसलं. फोन टेबलावर होता. टेबल चार पावलांवर होतं, पण साहेबांकडे त्या घडीला पावलं नव्हती.

हाक मारल्यावर टायपिस्ट बाई आत आल्या. नोकरीला लागतानाच त्यांनी गुप्ततेचा करार केलेला असल्यामुळे तिथवर कायदा आड आला नाही. त्यांनी ओढून पाहिलं, तर साहेब आले पण खुर्चीही बरोबर आली. फर्निचरवाल्याला फोन लावला, तो कुणी उचलेना. कारखान्यात करवत चालू असणार. एखाद्याला बोलावून खुर्ची कापूया का, असं बाईंनी सुचवलं. जगात असला नमुना एवढा एकच आहे, असं साहेबांनी गुडघ्यांच्या मधून सांगितलं.

इतक्यात बाहेरची बेल वाजली. कपाटं बनवणाऱ्या बड्या कंपनीचे मॅनेजर आपल्या कंपनीच्या नावाची नोंदणी करण्यासाठी आले होते. म्हणजे ज्या माणसाच्या नजरेस ही खिट्टी अजिबात पडायला नको, तोच आता दाराच्या पलीकडे येऊन बसला होता. बाईंनी दार घट्ट लोटून घेतलं आणि त्यांना खरं तेच सांगितलं.

"साहेब कामात अडकलेत."

ज्याच्याकडे कल्पना सांभाळायला दिली तो माणूस स्वतःच तिच्यात सापडला, ही गोष्ट कोर्टात वकील मंडळी बसतात त्या बार रूममध्ये पोचली असती तर तिथल्या चहाला वर्षभर बिस्किटं लागली नसती. बाईंनी मग साहेबांना न विचारताच त्यांच्या बायकोला फोन केला.

बायको शाळेत गणित शिकवायची. ती आली, बाईंनी पुढे केलेला करार तिने हातात घेतला, आणि जे साहेबांच्या एकाही अशिलाने आजवर केलं नव्हतं ते केलं. तो वाचला. उभ्या उभ्या, पहिल्या ओळीपासून.

"अहो," ती बंद दाराला म्हणाली, "आत जे दिसेल ते कुणालाही बोलून, लिहून किंवा हातवारे करून सांगायचं नाही, असं लिहिलंय. ताईलापण नाही?"

"नाही," आतून दबका आवाज आला.

"मग मी सही करत नाही."

साहेबांनी विनवलं, कायदा समजावला, पायात मुंग्या आल्याचं सांगितलं. बायको ढळेना. शेवटी वस्तूबद्दल कुणालाच काही सांगायचं नाही, मात्र नवऱ्याच्या अवस्थेबद्दल ताईला हवं तेवढं सांगायला मोकळीक, अशी दुरुस्ती तिने समासात लिहिली, ती साहेबांकडून कबूल करून घेतली आणि मग सही केली. मॅनेजर कान देऊन ऐकत होते. या मॅडम कोण आणि आमचं काम त्याच बघतील का, असं त्यांनी टायपिस्ट बाईंना हळूच विचारलं.

आत गेल्यावर बायको आधी पोटभर हसली. मग तिने नवऱ्याला खुर्चीसकट कुशीवर लोळवलं आणि बिजागरीत डोकावून पाहिलं. खिट्टी मागे सरकायला बघत होती, पण पोटाचा भार पडला की पुन्हा त्याच खाचेत जाऊन रुतत होती. तिने केसांतला आकडा काढला, वाकवला आणि खाचेत आडवा बसवला. खुर्ची उघडली. साहेब जमिनीवर सांडले.

दुसऱ्या दिवशी फर्निचरवाला आला. कधी कधी ती माणसाला धरते, हे सांगायचं राहून गेलं, असं तो ओशाळून म्हणाला. मग त्याचं लक्ष बिजागरीकडे गेलं. त्याने खुर्ची मिटली, उघडली, तिच्यावर बसून उड्या मारल्या. खुर्ची शहाण्यासारखी वागली.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

आता खोटं बोलण्याची सोय नव्हती. शोधाचा मुख्य भाग ज्याला सुचला तो शोधात भागीदार, आणि अर्जात त्याचं नाव हवंच, हे साहेब गेली वीस वर्षं लोकांना सांगत आले होते. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं, या खेपेस फार हळू आवाजात. फर्निचरवाल्याची काहीच हरकत नव्हती. संध्याकाळी घरी साहेबांनी बायकोपुढे कागद ठेवला आणि फक्त सही कर म्हणाले.

"तुम्ही त्यांचे वकील ना?" ती म्हणाली. "मग मला माझा वेगळा वकील बघायला हवा."

आणि तिने तो बघितलाही. पुढचे काही दिवस साहेबांना आपल्याच घरात काय चाललंय ते पत्राने कळत होतं.

अर्जाबरोबर चित्रं जोडावी लागतात. जुन्या रचनेतला दोष दाखवणाऱ्या चित्रात, मिटलेल्या खुर्चीत अडकलेला माणूस काढणं भाग होतं. चित्रकाराने टायपिस्ट बाईंना विचारून विचारून तो फार हुबेहूब काढला, चष्म्यासकट. बैठक, पाठ, बिजागरी, खिट्टी, अशी एकेका भागाला नावं देत बाई त्या माणसापाशी येऊन थांबल्या आणि इथे काय लिहू, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी आपला चष्मा काढून खिशात घातला. मग सांगितलं, "लिहा, किरकोळ अडथळा."

मसुदा वाचायला बायकोकडे गेला. तिने तो पहिल्या ओळीपासून वाचला, सगळा मान्य केला, आणि फक्त 'किरकोळ' एवढा शब्द खोडून परत पाठवला.