महादूची दुतोंडी होडी

"यंदाचा पयला नारळ आमच्या कमळचा!" हे महादूने इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं की, हरला असता तर मढचा दर्या सोडून मुलुंडला खोली बघावी लागली असती. आणि मुलुंडला कोळ्याने करायचं काय?

साल चौऱ्याऐंशी. एव्हाना सगळ्यांच्या होड्यांना मशीन बसलं होतं, पण नारळी पुनवेला खाडीत शर्यत व्हायची ती शिडाचीच. जिंकेल त्याच्या बायकोने दर्याला पहिला नारळ द्यायचा. हा मान दरवर्षी कमळचा दादूस, म्हणजे महादूचा मेव्हणा अनंता पटकावत होता आणि त्याची बायको वनमाला नवं लुगडं नेसून मिरवत होती. कमळ मागे उभी राहून कौतुकाने हसायची. ते हसू महादूला जिव्हारी लागायचं.

यंदा मात्र त्याला एका बंगल्याच्या मागे ती होडी सापडली! कुणा शर्यतवेड्या साहेबाने फार वर्षांपूर्वी बांधून घेतलेली. लांबच लांब, भेंडीसारखी सडपातळ, तोल सांभाळायला एका बाजूला उलांडीचा ओंडका, आणि दोन्ही टोकं हुबेहूब सारखी! सुकाणूसुद्धा दोन्हीकडे. परत फिरायचं तर ही बया वळायचीच नाही. शीड उचलून दुसऱ्या टोकाला बांधायचं, की मागचं टोक झालं पुढचं!

"दाजी, हिचं तोंड कंच्या बाजूला?" अनंताने होडीभोवती दोनदा फिरून विचारलं.

"हिला पुढं-मागं कायपण नाय! तू वळसा घालशील तवर मी घरी जाऊन चाय पीन!"

अनंता नुसता "झकास" म्हणाला आणि गेला.

पुनवेला सकाळी कमळने होडीची पूजा केली. एका टोकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा जाडजूड हार घातला. महादू शीड बांधण्यात गर्क होता. त्याने तिकडे बघितलंही नाही.

शर्यत सुटली. जाताना अनंता पुढे होता. खाडीच्या तोंडाशी बांधलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. अनंताची होडी वळायला लागली, शीड फडफडलं, वेग मेला. इकडे महादू पिंपाच्या पलीकडे जाऊन ओरडला, "काशीराम, उचल!" त्याच्या भागीदाराने शीड उचललं, दुसऱ्या टोकाला बांधलं, आणि होडी आली तशी उलट पावली सुटली! काठावर नुसता कल्लोळ! शेवटी अनंता जवळ आला खरा, पण महादूची होडी अर्ध्या लांबीने पुढे राहूनच काठाशी रोवलेल्या निशाणीच्या बांबूपाशी पोचली.

"जिंकलो! कमळ, नारळ घे!"

"थांब रं," पंच गुणाजी पाटील म्हणाले. "जिची नाळ, म्हंजे पुढचं टोक, बांबूला पयली लागल, ती होडी पयली. तुजी नाळ कंची?"

"दोन्ही टोकं नाळच हायत, पाटील!"

"एका होडीला दोन नाळा? पूजा नाळेची करतात. हार कुठं हाय?"

सगळ्यांनी बघितलं. हार मागच्या टोकाला लोंबत होता!

"म्हंजे पयली आली तुजी पाठ," पाटील म्हणाले. "मग अनंताची नाळ. मग तुजी नाळ. अनंता जिंकला!"

महादू स्वतःच्याच होडीच्या लांबीमुळे हरला! तो भांडला, काशीराम भांडला, पण हळदकुंकू सगळ्यांना दिसत होतं. महादूला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात वनमालाने गर्दीतून कमळला ओढून पुढे आणलं आणि दोघींनी मिळून नारळ दर्याला दिला. कमळचा चेहरा असा फुलला की महादूचा निम्मा राग तिथेच विरघळला.

उरलेला निम्मा त्याने घरी नारळीभात खाताना काढला. "अगं, पूजा नेमकी त्याच टोकाला कशी केलीस?"

"तुमीच बोललात ना, हिला पुढं-मागं नाय म्हणून?" कमळ त्याच्या ताटात आणखी भात वाढत म्हणाली. "मग मी दादूसलाच विचारलं. त्याने बरोबर दाखवलं!"