पितळी पट्टीतला गाळलेला शब्द

दुपारी साडेचार वाजता वेलांटीने बाईंच्या घरी त्यांना भेट आणलेल्या घड्याळावरचा कागद फाडला, आणि छापखान्यातली सगळी मंडळी एका ओळीत गतप्राण झाली!

वेलांटी म्हणजे बंद पडलेल्या त्या छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी. ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं जन्माचं वैर, म्हणून हे नाव. बाई तिथे मुद्रितं तपासत. एकतीस वर्षांत त्याचा एकही कागद लाल शाईचा प्रसाद घेतल्याशिवाय परत आला नव्हता. बाईंच्या हातून एक तरी ओळ बिनखुणेची सुटावी, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

"घड्याळावर कोरायच्या ओळीत चूक निघाली तर मिशी उतरवीन!" असं तो मशीनमनला सांगून बसला होता.

सगळे रोज उशिरा यायचे, बाई दारातच घड्याळ दाखवायच्या. म्हणून घड्याळाच्या पितळी पट्टीसाठी ओळ ठरली, 'फ्रॉम युवर ऑलवेज लेट कलीग्ज'. इंग्रजी शिकवणाऱ्या लेकीला त्याने फोन केला.

"बरोबर आहे बाबा. आणि बोलतातही असंच."

पण पट्टी निघाली आखूड! कोरणारा म्हणाला, "एक शब्द गाळा."

वेलांटीने पुन्हा फोन लावला. "ऑलवेज काढलं तर व्याकरण चुकतं का गं?"

"व्याकरण नाही चुकत, पण बाबा..."

"झालं तर मग!" त्याने फोन ठेवला. पुढचं ऐकायला वेळ कुणाला!

बाईंनी चष्मा पुसून पट्टी दोनदा वाचली.

"'युवर लेट कलीग्ज', म्हणजे तुमचे दिवंगत सहकारी," त्या म्हणाल्या. "कधी रे गेलात? मला कळवलंसुद्धा नाही!"

मशीनमनचा बिस्किटाचा घास घशातच अडकला. "बाई, मी तर चहा पितोय!"

"व्याकरण बिनचूक आहे," वेलांटी पुटपुटला.

"तेच तर! तुझं व्याकरण पहिल्यांदाच बरोबर आलं, तेही असं!"

बाईंनी सवयीने खणातून लाल पेन काढलं. कागदावर दोनदा ओढलं. शाई कधीच वाळली होती. टोपण लावून त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"घड्याळ राहू दे इथेच. पट्टी तपासून ठेवते, मग दुरुस्तीला घेऊन जा."

पूर्वी कागद दहा मिनिटांत परत यायचा. घड्याळाला चार महिने झाले. मशीनमन परवा बाईंकडे जाऊन आला. घड्याळ भिंतीवर लागलंय, खणात नवं लाल पेन आहे, आणि पट्टीवर अजून एकही खूण नाही.

मिशीचं काय करायचं, हे वेलांटीला कुणीच सांगत नाही.