गरम पाण्याला शंभर टक्के पाठिंबा

लातूर शहरात उष्णतेची टंचाई आहे, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तरीही वरिष्ठ पातळीवर विचारविनिमय होऊन तिथे नागरी उष्णता कक्ष स्थापन झाला आणि कक्षाने भर मे महिन्यात, कूलरसमोर बसून, ‘गल्ली तिथे सामायिक सौर गरम पाणी’ ही योजना जाहीर केली. लाकूड नाही, धूर नाही. गल्लीतल्या एका गच्चीवर उन्हानं पाणी तापणार आणि नळानं घरोघर जाणार. अट एकच होती, गल्लीनं आपलं जनसमर्थन लेखी कळवायचं.

टाकीमागच्या गल्लीत ही बातमी नीलाबाईनं ऐकली आणि ती हरखूनच गेली. भाड्याच्या तळमजल्यावर क्लासच्या चाळीस पोरींचं वसतिगृह ती चालवायची. पोरींना सहाला क्लास गाठायचा, म्हणून पहाटे चारला दोन मोठाले बंब पेटवायचे. अकरा वर्षं हेच चाललेलं. आता दोन फुंकरा मारल्या की छाती भात्यासारखी वाजायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, “बाई, धूर बंद करा. पुढच्या हिवाळ्याची हमी मी देत नाही.”

कक्षातले आनंदराज साहेब भला माणूस. त्यांनी तिला खुर्ची दिली, फॉर्म दिले. “मावशी, तुमच्या गल्लीत घरं बत्तीस. जेवढं समर्थन, तेवढं उत्तम.”

“समदे देतेत बघा, साहेब. माणसं लई चांगली हायत आमची.”

आणि खरंच, समद्यांनी दिलं! घरमालक धोंडप्पांनी पहिली सही ठोकली आणि वर पृथ्वीच्या प्रकृतीवर वीस मिनिटं बोलले. विठाबाईनं दारात सूर्याची रांगोळी काढली. भागवत सरांनी स्टेटस ठेवलं. मारुतीच्या पारावर सभा झाली, सूचक झाले, अनुमोदक झाले, टाळ्यांच्या गजरात ठराव मंजूर. बत्तीसपैकी बत्तीस!

मग नीलाबाईनं उगाच एक प्रश्न विचारला. “गच्ची कुणाची घ्यायची?”

पार निम्मा रिकामा झाला. उरलेल्यांतून धोंडप्पा म्हणाले, “माझीच घे म्हणलो असतो. पण वर माडी चढवायची हाय. सळया सोडलेल्या दिसत न्हाईत का?” त्या सळया एकोणीस वर्षांपासून आभाळाकडे बघत होत्या आणि सध्या त्यांच्यावर टॉवेल वाळत होते.

“माझ्या गच्चीवर कुरडया असतेत,” विठाबाई म्हणाली.

“त्या उन्हाळ्यात. हिवाळ्यात?”

“हिवाळ्यात आम्ही ऊन खात बसतोत की!”

भागवत सरांची गच्ची पूर्वेला मोकळी होती. पण पूर्व ही सूर्याची दिशा, तिथं सूर्याचं यंत्र ठेवलं तर वास्तुदोष लागतो, असं त्यांना कुणी जाणकारानं सांगितलं होतं. जाताजाता प्रत्येकानं तिला धीर मात्र दिला, “पाठिंबा हाय बरं का आमचा!”

महिन्याभरानं कक्षाचं पत्र आलं: ‘आपल्या गल्लीत जनसमर्थन शंभर टक्के आढळल्याने प्रकल्प नामंजूर करण्यात येत आहे.’ सोबत अभिनंदनाचं प्रमाणपत्र होतं. नीलाबाई धापा टाकत कक्षात गेली.

“असं कामून केलं, साहेब?”

“हा प्रात्यक्षिक प्रकल्प आहे, मावशी. उद्देश काय? जनसमर्थन वाढवणे. तुमच्याकडे वाढायला जागाच नाही. पलीकडच्या गल्लीत एकतीसपैकी एकोणतीस घरं विरोधात. यंत्र तिकडे दिलं, तिथल्या शाळेच्या गच्चीवर.” आनंदराज साहेबांनाही वाईट वाटत होतं. आवाज खाली आणून ते म्हणाले, “दहा घरांचा लेखी विरोध आणा. गच्चीचं मी बघतो.”

नीलाबाई पुन्हा दारोदार फिरली. पण विरोध? धोंडप्पा संतापले. “मी लिहून देऊ? प्रमाणपत्र माझ्या बैठकीत लावलंय! पावणे-रावळे काय म्हणतील?” विठाबाईनं तर कानांना हात लावले. एवढ्या चांगल्या कामाला विरोध करणारं माणूस त्या गल्लीत औषधालाही मिळेना. शेवटी नीलाबाईनं रागारागात आपल्या एकटीचाच विरोध लिहून दिला.

एक विरोध! गल्ली शंभरावरून सत्त्याण्णव टक्क्यांच्याही खाली घसरली. दहा विरोध नसल्यानं यंत्र मिळण्याचा प्रश्न नव्हता. पण विरोध एक असला तर नियमाप्रमाणे जनजागृती शिबिर घ्यावं लागतं. ते वसतिगृहाच्या अंगणातच घेतलं. मंडप उभा राहिला, शंभर माणसं आली. विरोधक समोर हवी म्हणून नीलाबाईला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. ती रिकामीच राहिली, कारण शंभर जणांच्या चहासाठी आधण कुणी ठेवायचं? चूल लहान, गॅस संपलेला. शेवटी नीलाबाईनं दोन्ही बंब पेटवले.

लाकडाच्या धुराचे फुप्फुसांवर होणारे परिणाम यावर कक्षाच्या मोठ्या साहेबांचं भाषण सुरू झालं. मागून नीलाबाईच्या खोकल्यानं व्यत्यय येऊ लागला.

“ह्या बाईंना अजून पटलेलं दिसत नाही,” मोठे साहेब हळहळले.

“न्हाई पटलं!” ती डोळे पुशीत ओरडली. “मला पाठिंबा नगं, पाणी पायजे!” लोकांना ते इतकं भिडलं की टाळ्या थांबेनात.

वाचकहो, तुम्हीही आत्ता चुकचुकलात. ते समर्थनात धरलं आहे, वेगळी सही नको. फॉर्मच्या मागच्या बाजूला गच्चीचा एक रकाना आहे. पण पान उलटायची घाई नको, आजवर कुणी उलटलेलं नाही.