उंदरावर आळ

भावकू आप्पांच्या घरात दोरी कधी जमिनीवर लोळत पडली नाही. बैलांचा कासरा असो की गवताच्या भाऱ्याची दोरी, काम झालं की तिचा करकचून वेढा घालायचा, वरून गाठ मारायची आणि खुंटीला अडकवायची, हा उचगावातल्या त्या घराचा नियम. पसरलेली दोरी कुणी ओलांडली की घरात कटकट होते, असं त्यांच्या आईनं सांगून ठेवलेलं. त्यामुळे सुनेच्या, पूर्णिमाच्या, लॅपटॉपची वायर रात्री सोप्यात आडवीतिडवी पडलेली दिसली तेव्हा त्यांचे हात आपोआप पुढे झाले. वायर त्यांनी तिच्याच काळ्या डब्याभोवती गच्च गुंडाळली, डब्यातून ती जिथे बाहेर येते तिथे उलटी दुमडून ओढली, झकास कासऱ्याची गाठ मारली आणि चार्जर बैलांच्या दाव्याशेजारी लटकवून दिला. काम इतकं सुबक झालं होतं की आप्पा जरा मागे सरकून बघतच उभे राहिले.

सकाळी गोठ्यातलं शेण काढून ते घरात आले, तर पूर्णिमा टेबलापाशी रडकुंडीला आलेली.

"चार्जिंगच हुईना झालंय आप्पा. वायर आतनं तुटलीया, ह्या डब्यापाशी. बॅटरी तर कालच उतरलीया, आता काय करू?"

अकरा वाजता तिची मुलाखत होती, लॅपटॉपवरच. जुन्या कंपनीनं 'बेंगळुरात येऊन काम करा' म्हणून कळवलं होतं. ही नवी कंपनी घरातून काम देणार होती. ते मिळालं नाही तर तिच्या नवऱ्यानं, सौरवनंही तिकडेच नोकरी बघायची आणि दोघांनी बिऱ्हाड हलवायचं, हे ठरून गेलेलं. ते नुसतं आठवलं तरी आप्पा ताटावरून उठून गोठ्यात जाऊन बसत. ही सून आल्यापासून त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस घरात आलं होतं.

"काल तर बरी चालत होती की," आप्पांच्या बायको गुणाबाई चुलीपासून म्हणाल्या. "कुणी हात लावलाता?" 'कुणी' म्हणताना त्यांनी आप्पांकडे बघितलं.

"उंदीर," आप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"उंदरानं कुरतडली असंल. भाताच्या पोत्यात लई झाल्यात."

पूर्णिमानं एकदा सासऱ्यांकडे, एकदा वायरीकडे बघितलं. खोलात शिरायला वेळ नव्हता. सौरव उद्यमबागच्या कारखान्यात, आणि त्याचा फोन पाळी संपेपर्यंत गेटवर जमा. शेजारच्या मास्तरांचा चार्जर आणून बघितला, तर त्याची पिन जाडी. शेवटी आप्पांनीच ती मोडकी वायर डब्यापाशी चिमटीत धरली आणि गुन्हेगारानं करावी तशी धडपड सुरू केली. इकडे वाकव, तिकडे वाकव.

"आलं! दिवा लागला!" पूर्णिमा ओरडली. "आप्पा, असंच धरा. आता हलू नगासा!"

वायर तोकडी, प्लगचं बटण टेबलाच्या मागे. म्हणून आप्पा टेबलाखाली शिरले आणि गुडघे पोटाशी घेऊन बसले. बॅटरी हळूहळू भरू लागली. दिवा लॅपटॉपच्या कडेला होता, तो त्यांना खालून दिसत नव्हता; सून काही बोलत नाही म्हणजे करंट चालू, एवढाच हिशेब.

इकडे गुणाबाईंनी उंदीर मनावर घेतला होता. त्यांनी गल्लीतल्या रवळूला पिंजऱ्यासकट बोलावलं आणि दोघांनी मिळून भाताची पोती काठीनं बडवायला सुरुवात केली. सोप्यात धूळच धूळ झाली.

"अत्ती, माझी मुलाखत हाय!" पूर्णिमा सासूला म्हणाली.

"तुझ्यासाठीच चाललंय की गं. आज एक वायर खाल्ली, उद्या सगळं खाईल!"

"उंदीर जिथं चाखतोय तिथंच परत येतोय," असं म्हणून जाणकार रवळूनं पिंजऱ्यात भज्याचा तुकडा लावला आणि पिंजरा थेट टेबलाखाली, आप्पांच्या गुडघ्याशी आणून ठेवला. "हलू नगोस भावकू." मग तो दळण घेऊन गिरणीकडे गेला, गुणाबाई काठी घेऊन परसात गेल्या. पूर्णिमानं दार लावलं, आवाज नको म्हणून पंखा बंद केला, मोबाईलवरनं नेट जोडलं आणि मुलाखत सुरू झाली.

सगळं इंग्रजीत. आप्पांना त्यातलं 'येस सर' आणि 'बेळगावी' एवढंच कळत होतं, पण सून अडखळत नव्हती हे मात्र नीट कळत होतं आणि त्यांची छाती टेबलाखालीसुद्धा फुगत होती. एकदा साहेबानं काहीतरी लांबलचक विचारलं. त्यात 'पॉवर' आलं. पूर्णिमानं खाली एक नजर टाकली आणि ठणकावून म्हणाली, "येस सर. बॅकअप इज देअर."

तेवढ्यात खट् झालं.

पोती बडवल्यानं बिथरलेला एक उंदीर खरोखरच पिंजऱ्यात येऊन अडकला होता. आप्पा दचकले, पण चिमूट सोडली नाही. आता पळायची सोय दोघांनाही नव्हती. उंदीर भजं सोडून आप्पांकडे बघत बसला. आप्पांनी नजर चुकवून बघितली, तरी तो बघतच होता. पायाला मुंग्या आल्या, अंगठा बधिर झाला, नाकावरून घाम ओघळला. त्या सगळ्यापेक्षा ती नजर वाईट होती. आपण ज्याच्यावर आळ घेतला तोच समोर येऊन बसल्यावर माणसानं तोंड कुठे लपवावं?

अखेर वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आप्पा, झालं! एक तारखेपासनं रुजू व्हा म्हणाले. घरातनंच!"

आप्पा रांगत बाहेर आले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी धुळीवर ढकललं. गुणाबाईंनी पिंजरा उचलला आणि "ह्योच त्यो वायरी खाणारा!" म्हणत गल्लीभर दाखवायला नेला. तेवढ्यात दळणाचा डबा तसाच घेऊन रवळू दारात.

"गिरणी बंद हाय. मी तिथं पोचलो आन् करंट गेला, त्यो अजून आला न्हाय बघ."

रवळू गेला. आप्पांनी पंख्याचं बटण दाबून बघितलं. पंखा ढिम्म.

"पोरी, म्हंजे मी इतका येळ धरून बसलो ते?"

"आधी धरलीसा म्हणून तर बॅटरी पुरली, आप्पा."

"आन् मुलाखतीत? करंट गेलाय म्हणून पायानं तरी खुणवायचं न्हाय व्हय?"

पूर्णिमा वायर हातात घेऊन हसली. "सकाळी हिला खुंटीवरनं काढलं तवा गाठ सोडायला दात लावावं लागलं मला. उंदीर कासऱ्याची गाठ मारतोय व्हय आप्पा?"

आप्पांनी पंख्याकडे बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

"तुम्ही उंदराचं सांगितलासा, मी करंटचं न्हाय सांगितलं. फिट्टंफाट."

संध्याकाळी सौरवनं नवा चार्जर आणला. पूर्णिमानं आप्पांना शेजारी बसवून दाखवलं: डब्याभोवती गुंडाळायची नाही, डब्यापाशी थोडी सैल सोडायची, बाकीच्या वायरीची मोठी मोठी वेटोळी घालायची आणि वरून केसांची रिबन अलगद बांधायची. आप्पांनी केलं, पण हात ओढायला शिवशिवत होते.

"हे कसलं गबाळं?" गुणाबाई म्हणाल्या.

"असूंदे. हिला असंच लागतंय," आप्पा म्हणाले. मग गुणाबाई उंदराला बादलीत बुडवायला निघाल्या, तर त्यांच्या हातातून आप्पांनी पिंजरा काढून घेतला. "मी सोडून येतो लांब."

शेताच्या बांधावर त्यांनी दार उघडलं. "जा बाबा. तुझं काय चुकलं न्हाय. चुकलं ते माझंच." उंदीर बाहेर आला, क्षणभर थांबला आणि तुरुतुरु थेट गावाच्या दिशेनं, आप्पांच्याच घराकडे धावत सुटला. आप्पांनी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं.

"लांब सोडलासा न्हवं?" गुणाबाईंनी दारातच विचारलं.

"लई लांब," आप्पा म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी नवा चार्जर गुपचूप वरच्या खुंटीला अडकवला.