खरवसावरचा पंजा

"अशी परिषद बदलापुरात कुणी पाहिली नसेल!" असं म्हणून बाबांनी उजवा पंजा काचेच्या मोठ्या बशीतल्या जेलीवर अलगद टेकवला.

औषध कंपनीतून निवृत्त झाल्यावर बाबा बायोफिल्मच्या मागे लागले होते. बायोफिल्म म्हणजे जंतूंनी एकमेकांना चिकटून उभारलेली बुळबुळीत वसाहत. "चिखलोलीच्या टॉवरांसारखी," बाबा म्हणायचे, "फक्त यांना पाणी वेळेवर मिळतं!" परिषद त्यांच्याच डोक्यातून निघाली होती आणि बिनपगारी मदतनीस मी.

"उद्घाटनाला दिवा नको, हाच ठेवायचा," ते म्हणाले. "आज भाजी आणली, रिक्षावाल्याशी हात मिळवला, मांजर कुरवाळलं. परिषदेआधी उबेत ठेवलं, की ते सगळे जंतू वाढून पंजा उमटेल. तोवर फ्रिजमध्ये झोपू देत."

मग त्यांनी चिकटपट्टीने झाकण बंद केलं, बेसिनपाशी जाऊन रगडून हात धुतले आणि सवयीने मला विचारलं, "तू धुतलेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चहा गार झाला, तरी ते उठले नाहीत.

तेराव्याला वांगणीहून आलेल्या संजीवनीआत्याने घराचा ताबा घेतला. भिंती धुतल्या, भांडी घासली, फ्रिज बंद करून रिकामा केला. तळाशी तिला बशी सापडली. पिवळसर, थुलथुलीत, गार.

"खरवस!" आत्याने बशी छातीशी धरली. "शाम्याचा जीव की प्राण!"

तिने बशी बाबांच्या फोटोपुढे ठेवली, समईला खेटून. झाकण उघडलं नाही. "ज्याचं आहे तो उघडेल," म्हणाली. त्या गडबडीत माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

समईच्या उबेने काम केलं. दोन दिवसांनी आत्या किंचाळली ती अशी, की खालच्या मजल्यावरच्या सोनिया आंटी लाटणं घेऊन वर आल्या!

बंद झाकणाखाली पाच बोटं उमटली होती. पांढरट, ओलसर. करंगळी बाबांच्या करंगळीसारखीच वाकडी. अंगठीच्या जागी रिकामी आडवी रेघ.

"शाम्या येऊन गेला!" आत्या म्हणाली. "नैवेद्याला हात लावून गेला गं!"

"आत्या, ते बाबांच्या हातावरचे जंतू आहेत."

"जिवंत आहेत ना?"

"हो, पण..."

"मग मी वेगळं काय म्हणतेय!"

आई बशीसमोर जाऊन बसली.

संध्याकाळपर्यंत अख्खी सोसायटी दारात! सोनिया आंटींनी हात जोडले. "भाईसाब सेक्रेटरी थे ना? पूछो तो, टंकी की चाबी किधर रखी है!"

रोज बोटं थोडी लांब दिसायची. मी जाता-येता तिकडे बघायचं टाळत होते. तरी पाठ केली, की मागून कुणीतरी हात पुढे केल्यासारखं वाटायचं.

परिषदेसाठी बशी द्यायला आत्या तयार होईना. शेवटी ती स्वतःच मांडीवर घेऊन रिक्षात बसली. शिवमंदिरापाशी रिक्षा थांबवून झेंडूचा हार घेतला. बदलापूरच्या सभागृहात हार घातलेले जंतू व्यासपीठावर आले, तेव्हा देशभरातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्षणभर गोंधळले. मग एकेक करत सगळे उभे राहिले. बोटं आता बशीच्या कडेला टेकली होती.

मी माहिती सांगितली. टाळ्या झाल्या. आता चहा, असं मला वाटलं. तेवढ्यात कंपनीत बाबांच्या हाताखाली शिकलेला यज्ञेश हातमोजे घालून, पिशवी घेऊन आला.

"ताई, आता ही नष्ट करावी लागेल. दाबाखालच्या वाफेत."

"आजच?"

"सरांचाच नियम आहे." तो ओशाळला. "फार वाढलीये. आणि तुम्ही बशी धरलीत, तर जरा हात..."

पुढचं मला पाठ होतं. घरात जन्मभर तो हुकूम बाबांनी सोडला आणि आम्ही पाळला. बाबांना कुणी उलट काही सांगितल्याचं मला आठवत नाही. मी झाकणावर माझा पंजा ठेवला, त्यांच्या पंजावर बरोबर. काच कोमट होती.

कॉलरला लावलेला माईक चालूच आहे, हे मला माहीत होतं. समोर ओळीने बसले होते, साबणावर ज्यांची उभी हयात गेली असे लोक. तरीही मी मोठ्याने म्हणाले,

"बाबा, आज हात नका धुऊ."