मागच्या सीटवरचा फोन

विलासअण्णांनी मला स्कूटरवर घ्यायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या मागच्या सीटवर माणूस नव्हता. मोबाईल होता. जुन्या लुगड्याच्या काठानं सीटला आवळून बांधलेला, डाव्या अंगाला.

"जागा न्हाय," अण्णा म्हणाले. "मागं फोन बसलाय."

आणि निघून गेले. तेही अशा वेगानं, की मागून येणाऱ्या बैलगाडीला हॉर्न असता तर तिनं वाजवला असता.

अण्णांची मंगळवार पेठेत पिठाची गिरणी. उभा जन्म पट्ट्याच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे समोरचा माणूस पन्हाळ्यावर उभा आहे अशा आवाजात बोलायचे. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या मुलानं त्यांना नवा फोन दिला, आडवा धरला की चित्रही आडवं होणारा. आतल्या सेन्सरला हलणं कळतं, असं मुलानं सांगितलं आणि हादरा बसला की पडद्यावर रेघ उडवणारा एक प्रोग्रॅमही घालून दिला. पोरानं बापाच्या हातात कोलीतच दिलं म्हणा.

तेव्हापासून तालमीच्या कट्ट्यावर कुणी अमका रस्ता खराब म्हटलं, की अण्णा गरजायचे, "अंदाज सांगू नगंस. रेघ दाखव." एका बाईनं पीठ जाडं आलं म्हणून तक्रार केली, तर तिलाही तेच.

खड्ड्यांची रेघ घेऊन ते महापालिकेत रस्त्यांच्या साहेबाकडेही गेले. साहेबानं फोन हातात घेतला आणि रेघ नाचायला लागली. साहेब खूश. म्हणाला, हे यंत्र माझ्या टेबलावरही खड्डे दाखवतंय. अण्णा शांतपणे म्हणाले, "फोन खाली ठेवा साहेब. ह्यो खड्डा तुमच्या हातातला हाय." शिपायानं अण्णांना जिन्यापर्यंत पोचवलं.

इकडे घरी मालनवहिनींच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. पूर्वी दर शुक्रवारी त्या अण्णांच्या मागं, एका बाजूला पाय सोडून, अंबाबाईला जायच्या. आता डॉक्टर हिंडा म्हणत होते आणि वहिनी उंबरा ओलांडायला तयार नव्हत्या. रिक्षाचं नाव काढलं तरी हात पाठीकडे जायचा. बायको खिडकीत आणि नवरा फोनला कोल्हापूर दाखवत फिरतोय, असा निकाल कट्ट्यानं देऊन टाकला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. तो माझा हक्कच होता. जागा मला नाकारली होती.

वर शहाणपणही शिकवलं. म्हटलं, अण्णा, सीटच्या स्पंजात निम्मा हादरा जिरतो. फोन हँडलला बांधा, पक्की रेघ येईल.

अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "हँडलवर कोण बसतंय?"

कट्टा पुन्हा हसला. मीही.

मग एका शुक्रवारी सकाळी मी चहाच्या गाड्यावर उभा होतो. अण्णांची स्कूटर आली, देवळाचा सरळ रस्ता सोडून भलत्याच, पण गुळगुळीत बोळातून. मागं फोन नव्हता. वहिनी होत्या. इस्त्रीची साडी, एका बाजूला पाय, आणि बसल्या होत्या बरोबर फोन काठानं आवळलेला असायचा त्या जागी. त्यांनी फोनवर नजर ठेवायची आणि रेघ उठली की सांगायचं, असं ठरलेलं दिसत होतं. फोन मात्र त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत मांडीवरच्या पर्समध्ये टाकला. पर्सची चेन बंद.

बोळाच्या तोंडाशी नळवाल्यांनी आदल्या दिवशीच चर खणून अर्धवट बुजवला होता. अण्णांच्या रेघेत तो कुठून असणार? चाक दाणकन आदळलं. माझ्या हातातला चहा सांडला.

अण्णांनी ब्रेक लावला. मागं वळायचं धाडस त्यांना झालं नाही. गिरणीवाल्याचा तो आवाज इतका खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"रेघ उठली काय गं?"

वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. एक हात पाठीवर होता. तो त्यांनी उचलून अण्णांच्या खांद्यावर ठेवला.

"न्हाय की. सरळ हाय. चला."