उरकुडा काकांच्या घरची पाहणी

खांद्याला बॅग अडकवलेला अनोळखी माणूस आमच्या गल्लीत शिरला, की उरकुडा काका स्वतःच्याच घराची छपरी मोडायला घेतात.

हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. माणूस वळणावर दिसला की काका शिडी लावतात, आणि तो दारापर्यंत येईतो टिनाचे दोन पत्रे खाली आलेले असतात. मग कळतं की तो विम्याचा एजंट आहे, किंवा कुणाचा तरी जावई. काका शिडीवरूनच त्याला चहाचं विचारतात. दुसरा अख्खा दिवस पत्रे परत ठोकण्यात जातो.

"कायले मोडता काका?" मी विचारतो.

"घर मोजाले आला असता त? छपरीचाही टॅक्स लावला असता. मंग का होयेल, मास्तर?"

"मंग का होयेल?" हा प्रश्न काका दिवसभर विचारत असतात. आम्ही शेजारी, मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांची प्रत्येक काळजी पहिल्यांदा आमच्याकडे येते. बहुतेक वेळा सकाळी, मी दाढी करत असताना.

गोंदिया जिल्ह्यात, सालेकशाच्या अलीकडे, रेल्वेलाइनला लागून आमचं गाव आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा चौकात फटाके फुटले होते. काका एकटेच तोंड पाडून उभे होते. "आता टॅक्स वाढन," म्हणाले. काकांच्या काळजीची हीच तर अडचण आहे. ती खरी ठरते, आणि मग आपल्याला त्यांना हसताही येत नाही.

नळ येण्याच्या वेळेला ते तोटीसमोर पाटावर बसून असतात. पाणी नाही आलं तर ते का नाही आलं याची काळजी. आलं तर, "मास्तर, पानी पिवरा कायले येऊन रायला?" याची. गल्लीतला दिवा रात्री बंद आणि भर दुपारी चालू असतो. तेव्हा त्याच्या बिलाचा घोर काकांनाच. नालीचं पाणी तुंबलं की ते काठीनं कचरा ओढत बसतात आणि तोंडानं डेंग्यूची लक्षणं म्हणत असतात. बायको कधीच वारली, मूलबाळ नाही. दीड एकराची धानाची बांधी आणि ही एवढी काळजी, दोन्ही त्यांनी एकट्यानं सांभाळली.

या पावसाळ्याच्या तोंडावर नव्या कराच्या नोटिसा आल्या. सगळ्यांचाच कर वाढला होता, पण काकांना एकाच घराच्या दोन नोटिसा आल्या. त्यांच्या घराचे दोन भाग आहेत, दोन्हींना वेगळी दारं. एका भागात काका राहतात. दुसरा त्यांचा धाकटा भाऊ सोमा याचा. सोमा बऱ्याच वर्षांपूर्वी भांडून रायपूरला निघून गेला तो परत आला नाही. भांडण कशावरून झालं, याबद्दल गल्लीत जितकी घरं तितक्या कहाण्या आहेत. काका त्यातली कुठलीच सांगत नाहीत. सोमाच्या दाराला कुलूप आहे, एवढंच आम्हाला माहीत.

"यात घाबरायचं काही नाही," मी म्हटलं. "सुनावणी आहे. तो भाग बंद पडला आहे, तिथं कुणी राहत नाही, एवढं लिहून दिलं की सूट मिळते." काकांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. कर वाढला त्याचं काही नाही, पण मिळतं काय, हाच ज्याच्या त्याच्या तोंडी सवाल. आमच्या समोरच्या शेवंताबाईंनी तर नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. त्यांनी ती सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"पेऊन पाहा, साहेब. आमी त रोजच पेतो."

साहेबांनी बाटली हळूच बाजूला सरकवली. "पाइपलाइनचं काम मंजूर आहे," ते म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, "टॅक्सही तसाच मंजूर ठेवा, वसूल नोका करू!" सगळे हसले, साहेबही हसले. काका मात्र माझ्या शेजारी बसून धोतराचा सोगा पिळत होते.

त्यांचं नाव पुकारलं. कर विभागाचा बाबू गोंदियाचा होता, बोलायला मोकळा. "देखो काका, सोपं काम आहे. दुसरा भाग बंद आहे ना? कोणी राहत नाही, एवढं लिहून अंगठा मारा नाहीतर सही करा. टॅक्स अर्धा. खतम."

काकांनी पेन हातात घेतलं. मग खाली ठेवलं.

"राहते ना," काका म्हणाले.

"कोण राहते?"

"माहा भाऊ राहते तती. सोमा."

सभागृहातल्या निम्म्या लोकांना सोमा कधी गेला ते माहीत होतं. शेवंताबाई आपल्या बाटलीकडे बघत बसल्या.

"मग टॅक्स पूरा लागेल," बाबू म्हणाला. "आणि मी गुरुवारी पाहणीला येणार. चुकीची माहिती निघाली तर नोटीस."

परतताना रेल्वे फाटकापाशी काका थांबले. "खोटा बोललो मी सरकारात. आता मंग का होयेल, मास्तर?"

"पण काका, काऊन बोललात?"

"कोनी राहत नाई असा माह्या हातानं कसा लिहू?" ते म्हणाले, आणि पुढं चालायला लागले.

घरी आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. सुषमानं चुलीवरचा भात उतरवला, पदर खोचला आणि थेट शेवंताबाईंचं घर गाठलं. कर कमी व्हावा म्हणून खटपट करणारी गल्ली तुम्ही पाहिली असेल. वाढीव कर कायम राहावा म्हणून धावणारी आमचीच.

गुरुवारी सकाळी काकांनी सोमाचं कुलूप काढलं. आत जाळी-धूळ असेल म्हणून सुषमा झाडू घेऊन गेली होती. ती दारातच थांबली. जमीन शेणानं सारवलेली होती, खाटेवर चादर होती, कोपऱ्यातला माठ धुऊन पालथा घातला होता. काका दुसरीकडे बघत होते. सुषमानं झाडू मागं घेतला.

ओसरीतल्या दोरीवर माझे दोन शर्ट आणि एक लुंगी गेली. शेवंताबाईंनी आतली चूल पेटवली. दारात माझी सायकल लावली. काका घामाघूम होऊन छपरीखाली बसले होते. बाबू आला तेव्हा, नवल म्हणजे, त्यांना शिडीची आठवणही झाली नाही.

बाबूनं आत डोकावलं. "भाऊ कुठे आहे?"

शेवंताबाई फुंकणी न सोडता म्हणाल्या, "धानाचा रोवना चालू आहे ना बाप्पा! या दिवसात मानूस घरी सापडते का?"

बाबू धूर, शर्ट, सायकल, सगळं पाहून गेला. जाताना मला म्हणाला, "सर, लोक खोल्या लपवतात. हा पहिलाच माणूस, जो दाखवून राहिला." त्यानं वहीत लिहिलं, वापरात.

संध्याकाळी मी शर्ट आणायला गेलो. शेवंताबाईंनी पेटवलेली चूल विझली नव्हती, काकांनी तिच्यावर भात ठेवला होता. ते सोमाच्या उंबऱ्यावर बसून दोरीकडे बघत होते.

"रस्त्यावरून पाहिला मी," ते म्हणाले. "घरात मानूस आहे असा वाटते."

मी दोरीला हात लावला.

"आजच्या दिस राहू द्या ना, मास्तर."

मी तसाच घरी आलो. सुषमानं विचारलं, "शर्ट नाही आणलेत?"

"ओले आहेत अजून," मी म्हटलं.